सासऱ्यांसमोर रुपया गायब करताना

चिकनगुनिया होऊन गेला, ताप उतरला, पण बोटं काही माझी राहिली नाहीत. सकाळी कंगवा धरायला गेले की वाटायचं, कुणीतरी आपल्याला जाड हातमोजे घालून ठेवलेत. आणि माझं तर सगळं काम बोटांचं. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. चिमट्यानं एकेक बी उचलायचं, शंभर मोजून ओल्या कागदावर ओळीनं मांडायचं, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि किती उगवलं ते काही दिवसांनी बघायचं. कपाशीचं बी कसंबसं उचललं जायचं. कांद्याचं बी समोर आलं की डोळ्यांत पाणी यायचं, तेही कांदा न चिरता.

दवाखान्यात बोटांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, एक नाणं घ्या आणि या बोटावरून त्या बोटावर फिरवत राहा. रोज." कसं ते दाखवायला त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. एक गोरा माणूस बसल्या बसल्या नाणं बोटांच्या पाठीवरून असं चालवत होता, जसं ते नाणं त्यानं पाळलेलं होतं.

घरी येऊन मी तोच व्हिडिओ लावला. तो संपला आणि मोबाईलनं आपल्या मनानं पुढचा लावला. त्यात त्याच माणसानं नाणं मुठीत घेतलं, मुठीवर फुंकर मारली, मूठ उघडली. नाणं नाही. मी परत लावला. परत नाही. दहाव्यांदा बघताना कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरले आणि वरणाचा पार लगदा झाला.

अशी मी जादूगार झाले. वय वर्षं सेहेचाळीस.

नवऱ्याला सांगितलं. तो स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतो. लालभडक लोखंड डोक्यावरून इकडून तिकडं नेणारा माणूस. तो म्हणाला, "कर की. पण घरातलं काही गायब करू नको."

"अहो, नाणं गायब करायचंय."

"तेच म्हणून राह्यलो. पाकिटातलं न्हाई ना?"

पहिला प्रश्न नाण्याचाच आला. व्हिडिओतल्या माणसाकडं चांगलं थोरलं, तळहात भरून राहील असं नाणं होतं. आपली हल्लीची नाणी म्हणजे शर्टाची बटणं. एक रुपया तळहातात धरायला गेले तर तो बोटांच्या फटीतून खाली. पाचाचं नाणं जाड, पण लहान. दहाचं बरं होतं, पण ते दोन रंगांचं, दुरून चमकायचं. लपवायची वस्तू अशी ओरडून सांगणारी असून कसं चालेल?

मग मला आमच्या लहानपणीचा रुपया आठवला. मोठा, जड, आकड्याच्या दोन्ही बाजूंना धान्याची कणसं आणि कडेला बारीक दाते. त्या दात्यांमुळं तो तळहाताच्या मांसात रुतून बसतो, हे मी शास्त्रीय पद्धतीनं सांगतेय, कारण नंतर माझ्या तळहाताला महिनाभर दात्यांचा गोल वण होता. गावात जुन्या पितळी भांड्यांचं एक दुकान आहे. तिथल्या काचेच्या पेटीत अशी नाणी असतात. दुकानदारानं मूठभर नाणी समोर ओतली. मी एकेक उचलून तळहातात दाबायची, हात उलटा करायची, हलवायची आणि ते पडलं की बाजूला ठेवायची.

तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, पूजेला पाहिजे का जमवायला?"

मी म्हणाले, "गायब करायला."

त्यानं पेटी जवळ ओढून घेतली.

शेवटी एक रुपया मिळाला जो हातातून पडेना. मी तो घेतला, आणि तेव्हापासून तो चोवीस तास माझ्या उजव्या तळहातात राहू लागला. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, नाणं हातात आहे हे हात विसरला पाहिजे. म्हणून मी हाताला विसरायला लावत होते. नाणं तळहातात धरून पोळ्या लाटल्या. नाणं धरून स्कूटी चालवली, म्हणजे ब्रेक दाबताना थोडं अवघड जायचं. नाणं धरून हळदीकुंकवाला शेजारणीला नमस्कार केला, तेव्हा ते तिच्या पायावर पडलं. तिनं उचलून मला परत दिलं आणि म्हणाली, "अहो, दक्षिणा कशाला!"

खरा घोळ प्रयोगशाळेत झाला. आमच्याकडं बियाण्याचा नमुना टेबलावर पसरून निवडायचा असतो. शुद्ध बी एकीकडं, दुसऱ्या पिकाचं बी दुसरीकडं, तणाचं बी तिसरीकडं आणि खडे, काड्या, माती असलं सगळं चौथीकडं. त्या चौथ्या ढिगाला आमच्या कागदावर 'निर्जीव पदार्थ' म्हणतात. त्याचं वजन करून लिहायचं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाताना माझा हात नाण्याला खरोखरच विसरला. मी परत येईपर्यंत माझ्या शेजारी बसणारीनं नमुना निवडून, वजन करून कागद वर पाठवून दिलेला. ती फार प्रामाणिक बाई आहे. नमुन्यात जे सापडेल ते लिहायचं, हे ती अगदी मनापासून पाळते.

साहेबांनी बोलावलं. कागद माझ्यासमोर धरला. "मॅडम, या लॉटमध्ये निर्जीव पदार्थ इतका कसा काय चढला?"

मी कागद वाचला. शेरा होता: 'खडे दोन, काडी एक, रुपया एक.'

"सर, तो रुपया माझा आहे."

"तो बियाण्यात काय करत होता?"

साहेबांनी नमुना परत निवडायला लावला आणि त्यानंतर मी टेबलाशी बसताना दोन्ही तळहात वर करून दाखवावेत असा नियम केला. तो नियम फक्त मलाच आहे. अजून आहे.

दीड-दोन महिन्यांत मला वाटलं, आता कुणाला तरी दाखवावं. पहिला प्रेक्षक अर्थात नवरा. मी उजव्या हातातला रुपया डाव्या हातात दिल्यासारखं केलं, डावी मूठ मिटली, फुंकर मारली, उघडली. नवरा चहाचा कप हातात धरून तसाच बसला. मग त्यानं माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून तपासली. "गेला कुठं?" तो म्हणाला. मी उजवा हात उघडून दाखवला. "बरं," तो म्हणाला, "परत कर." परत केलं. परत तो डाव्या हाताकडंच बघत राहिला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, हळूहळू करून दाखवलं, रुपया कुठं राहतो तेही दाखवलं. तरी तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आता मात्र डाव्यात असणारच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण माझ्या आतल्या जादूगाराला कळत होतं, की या प्रेक्षकावर विसंबून चालायचं नाही. या माणसाला मी केस कापून आल्याचंही आठ दिवसांनी कळतं.

दुसरे प्रेक्षक होते मामा. म्हणजे माझे सासरे.

मामांबद्दल सांगितलं पाहिजे. ते चाळीस वर्षं धान्याच्या मोंढ्यात मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा, हे मापाड्याचं काम. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि मधोमध मामा. काट्याला कोण चोरून बोट लावतंय, पोत्याखाली कोण पायाचा अंगठा घालतंय, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्या तरुणपणी बैलबाजारात सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांनी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबून भाव सांगायचा, बाहेरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मामा सांगतात, त्यांना बाहेर उभं राहून भाव कळायचा. "रुमाल झाकतो हाताला," ते म्हणतात, "खांद्याला कोण झाकणार?"

अशा माणसासमोर मी जाऊन बसले. ते ओसरीत खुर्चीवर पेपर वाचत होते.

"मामा, जरा बघा." मी रुपया दाखवला, डाव्या हातात दिला, मूठ मिटली.

मामांनी पेपरातून डोळे पण वर केले नाहीत. "उजव्यात हाय."

माझी फुंकर मारायची पण राहून गेली.

दुसऱ्या दिवशी परत. "उजव्यात." तिसऱ्या दिवशी मी उलटं केलं. "डाव्यात." चौथ्या दिवशी मी फार हुशारी केली. रुपया खरोखरच डाव्या हातात दिला, म्हणजे ते उजवा म्हणतील आणि फसतील. मामा म्हणाले, "आज जिथं दिला तिथंच हाय. दमलीस का, सूनबाई?"

मी विचारलं, "मामा, तुम्हाला कळतं कसं?"

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. गुडघ्यावर हात ठेवून मला समजावून सांगितलं. "हे बघ. रिकाम्या पोत्याला उचलताना माणूस कसा उचलतो? सहज. तू रिकामी मूठ अशी धरून राह्यली, जसं तिच्यात पाच किलो ज्वारी हाय. आन् ज्या हातात खरंच रुपया हाय, तो हात बिचारा मेल्यावानी पडलाय. हातावर एवढं दुःख काहून?"

त्यानंतर मी माझा उजवा हात आनंदी ठेवायला शिकले. आरशासमोर उभं राहून उजवा हात आनंदी करणं हे सांगायला सोपं आहे. नवरा मागून येऊन म्हणाला, "कुणाला टाटा करून राह्यली?"

हात आनंदी झाला तर बांगड्या वाजू लागल्या. मामा डोळे मिटून बसले तरी सांगायचे, "छन् झालं ते उजवीकडं." बांगड्या वर सरकवून रबर लावलं, तर मामा म्हणाले, "बांगड्या बांधल्या म्हणजे काही तरी लपवायचंय. कोणत्या हाताच्या बांधल्या? बराबर, तोच."

व्हिडिओतल्या सगळ्या जादूगारांना एक सोय होती. त्यांना कोट होते. कोटाला बाह्या होत्या, बाह्यांत जागा होती, खिसे होते. मला ब्लाउज. ब्लाउजच्या बाहीत रुपया घालायचा तर आधी शिंप्याला विश्वासात घ्यावं लागलं असतं. म्हणून मी सामानाकडं वळले. घरबसल्या मोबाईलवरून मागवता येतं. पहिल्यांदा खोटा अंगठा मागवला. तो आपल्या अंगठ्यावर टोपीसारखा चढवायचा आणि त्यात वस्तू लपवायची. पार्सल उघडलं तर अंगठा गुलाबी. म्हणजे कुठल्या तरी थंड मुलखातल्या माणसाचा. माझ्या हातावर तो असा दिसायचा, जसा वांग्याच्या भाजीत मुळ्याचा तुकडा पडलाय. मी त्याला चहाच्या पाण्यात भिजवला. हळद लावली. पायाच्या भेगांचं मलम आणि काजळ मिसळून चोळलं. मग चढवून मामांसमोर गेले आणि काही करायच्या आतच ते घाबऱ्या घाबऱ्या उठले. "अगं, अंगठ्याला काय झालं? दवाखान्यात चल जल्दी. गँगरीन दिसून राह्यलं."

दुसरी वस्तू चुंबकाची अंगठी. हाताच्या मागं नाणं चिकटवून ठेवता येतं म्हणे. माझा जुना रुपया तिला चिकटेचना. हल्लीची नाणी मात्र टपाटपा चिकटायची, कारण ती स्टीलची. आणि आमच्या गावात स्टीलशिवाय दुसरं आहे काय? ती अंगठी घालून मी पहिल्या दिवशी कपाटाला चिकटले, फाटकाला चिकटले. जेवताना आमटीची वाटी हाताच्या मागं चिकटून माझ्याबरोबर वर आली आणि मांडीवर सांडली. नवरा म्हणाला, "ही चांगली जादू झाली." तो पहिल्यांदाच एखाद्या वस्तूची पारख करून बोलत होता. क्रेनवाल्याला चुंबकाचं कौतुक असतं. अंगठी त्यानंच नेली. आता तो तिनं पलंगाखाली पडलेले स्क्रू काढतो.

तिसरी वस्तू म्हणजे कापड. ही मात्र मला खरोखर हवी होती. नाणं फरशीवर ठेवलं की वाजतं, उसळतं, घरंगळतं. जादूगार लोक समोर मऊ कापडाची गादी ठेवतात. मी मॅचिंग सेंटरमध्ये गेले, ब्लाउजपीस मिळतात तिथं.

काउंटरवरच्या पोरगेल्याशा माणसानं विचारलं, "साडी दाखवा, ताई. कोणत्या साडीवर?"

"साडी नाही. ज्याच्यावर रुपया उसळणार नाही असं काही आहे का?"

त्यानं आयुष्यात पुष्कळ प्रश्न ऐकले असतील, कारण तो डगमगला नाही. त्यानं खण टाकला. मी रुपया टाकला. टण् करून उसळला. त्यानं सॅटिन टाकलं. घसरून गेला. पॉपलीन, कॉटन, अस्तर, टू बाय टू. दुकानातल्या बायकांनी आपलं मॅचिंग सोडून आमच्याभोवती गर्दी केली. एका बाईनं आपल्या शालूचं टोक पुढं केलं, "यावर टाकून बघा हो." मालक गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी वरच्या फळीवरून हिरव्या मखमलीचा तागा स्वतः काढून आणला. चार पदर घडी घातली. मी रुपया टाकला. तो पडला आणि पडल्या जागी निजला. आवाज नाही, हालचाल नाही. सगळ्या बायका एकदम "अय्या!" म्हणाल्या. मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली. अर्धा मीटर घेतलं. ते अजून माझ्याकडं आहे आणि सांगते, त्या खरेदीचा मला कधी पस्तावा झाला नाही.

पण मामा मखमलीवर पण फसेनात. "कापड छान हाय," ते म्हणायचे. "उजव्यात."

अशातच मंठ्याला नणंदेच्या नातवाचं बारसं आलं. आम्ही तिघं सकाळीच गेलो. नाव ठेवून झालं, पाळणे म्हणून झाले, जेवणं झाली. बाळ आजीच्या खोलीत झोपलं. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पंचवीस-तीस बायका पाय पसरून बसल्या होत्या, वर खुर्च्यांवर चार पुरुष, त्यात मधे मामा. तेवढ्यात नणंदेनं जाहीर केलं, "वहिनी जादू करत्यात! वहिनी, करा ना!"

मी नको नको म्हणाले, पण मखमलीचा तुकडा पिशवीत होता हे काही नको म्हणणाऱ्या बाईचं लक्षण नव्हे.

त्या दिवसासाठी मी एक नवा प्रकार शिकून ठेवला होता. मांडी घालून बसायचं, समोर कापड ठेवायचं. कापडावरचं नाणं उचलल्यासारखं करून ते आपल्याकडं ओढायचं आणि हळूच आपल्याच मांडीवर पडू द्यायचं. हात दोन्ही रिकामे. व्हिडिओत तो खुर्चीवर बसून टेबलावर करतो. मी म्हटलं, नऊवार नेसल्यासारखं जरा ऐसपैस मांडी घालून बसले तर साडीची ओटी काय कमी आहे?

मी बसले. मखमल अंथरली. रुपया सगळ्यांना दाखवला, एका आजीनं तो दातानं चावून बघितला. मी तो कापडावर ठेवला. बोटांनी ओढला, उचलल्यासारखा केला, डाव्या हातात दिला, मूठ मिटली आणि फुंकर मारली. मूठ उघडली.

"अगं बाई!" झालं.

मामा खुर्चीवर पुढं झुकले. "उजव्यात," ते म्हणाले.

मी उजवा हात उघडला. रिकामा.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मामांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्या खांद्याकडं बघितलं, कोपराकडं बघितलं, मग हळूहळू नजर खाली आणली आणि त्यांचा चेहरा खुलला. "हां," ते म्हणाले. "वटीत हाय. उभी राह्य."

संपलं, मी म्हटलं. पंचवीस-तीस बायकांसमोर. मी डोळे मिटून उभी राहिले. रुपया टण् करून पडणार, घरंगळत मामांच्या पायाशी जाणार, मामा पाय ठेवून तो थांबवणार, हे सगळं मला दिसत होतं.

काही पडलं नाही.

मी साडी झटकली. पदर झटकला. निऱ्या झटकल्या. शेंगदाण्याचं एक टरफल पडलं. बाकी काही नाही.

मला सांगता येत नाही मला काय वाटलं. रुपया मी टाकला होता. मांडीवर पडताना मला जाणवला होता. आणि आता तो नव्हता. माझ्यासारखं कुणीच चकित झालं नसेल त्या खोलीत, पण चकित व्हायची मला सोय नव्हती. मी दोन्ही हात पसरले आणि हसले. जशी काही मी रोजच असं करते.

मग जो गलका झाला. सतरंजी उचलली, मखमल उलटीपालटी केली. आजीबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आपापली मंगळसूत्रं सांभाळा गं!" एकजण म्हणाली, "वहिनी, माझा मधुमेह गायब करता का?" दुसरी म्हणाली, "माझी जाऊ कर." तिची जाऊ तिथंच बसली होती. नवरा सगळ्यांना सांगत सुटला, "डाव्या हातात असणार. नीट बघा."

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि अख्खी साडी सोडून बघितली. परकराचा नेफा, ब्लाउज, अंबाडा, सगळं. घुगऱ्यांच्या पातेल्यात डाव फिरवून आले. सतरंजीखाली फरशीला फट नव्हती. रुपया नव्हता, नव्हता, नव्हता.

परत येताना गाडीत मामा मागं बसले. वाटूर फाटा येईपर्यंत माझ्या खांद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, कुठं गेल्ता?"

मी म्हणाले, "मामा, ते सांगायचं नसतं."

"बराबर," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मामांनी पेपर वाचला नाही. ते खुर्चीवर बसायचे आणि माझ्या हातांकडं बघायचे. मी भाजी निवडताना, भांडी लावताना, रांगोळी काढताना. रोज सकाळी एक नवी शंका. "कापडाला चोरकप्पा हाय?" मी मखमल दिली, त्यांनी ती उजेडात धरून इंचइंच तपासली. "नणंद मिळाली होती तुला?" त्यांनी मंठ्याला फोन लावून स्वतःच्या मुलीची उलटतपासणी केली. ती म्हणाली, बाबा, मी सोफा सरकवून झाडलं, न्हाई सापडला. "शेंगदाण्याचं टरफल काहून पडलं?" यावर तर ते दोन दिवस विचार करत होते.

एकदा दुपारी मी सुट्टी घेऊन लवकर घरी आले तर मामा पलंगावर मांडी घालून बसलेले. समोर उशी, उशीवर पाचाचं नाणं. ते नाणं ओढत होते, उचलल्यासारखं करत होते आणि मूठ मिटून त्यावर फुंकर मारत होते. मला बघून दचकले.

मी दारातूनच म्हणाले, "मामा, धोतरात हाय."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. मग मला राहवलं नाही. इतक्या वयाच्या माणसाला किती दिवस छळायचं? मी खाली बसले आणि म्हणाले, "मामा, खरं सांगते. मला पण माहीत नाही तो कुठं गेला. मांडीवर पडला एवढं आठवतं. मी पण शोधला. न्हाणीघरात साडी सोडून शोधला. तो खरंच हरवला."

मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. खांद्याकडं पण बघितलं. मग समाधानानं मान हलवली.

"बिलकुल बराबर," ते म्हणाले. "असंच सांगायचं. कोणी कितीबी विचारलं तरी असंच. चेहरा पण असाच ठेवायचा."

"मामा, खरंच."

"वा!" मामा म्हणाले.

मी पुष्कळदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितकं त्यांचं माझ्याबद्दलचं मत चढत गेलं. शेवटी मी सोडून दिलं.

पुढच्या रविवारी सकाळी मामा मोंढ्यातल्या आपल्या तीन जुन्या दोस्तांना घेऊन आले. तिघंही मापाडी. तिघंही पांढऱ्या टोप्या घालून कोचावर ओळीनं बसले आणि काट्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघू लागले. मामांनी त्यांना मंठ्याची गोष्ट रस्त्यात सांगितली असावी, कारण त्यातला एकजण आल्याबरोबर म्हणाला, "चला, दाखवा. आमचं बी डोकं फिरवा."

माझ्याकडं पाचाचं नाणं होतं. ते लहान, माझ्या हाताला सवय नाही. मांडीवर टाकायचा प्रकार करायची माझी हिंमत नव्हती, कारण तो दुसऱ्यांदा तसाच होईल याची खात्री देवाला तरी असेल का? मी साधाच प्रकार केला. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात घेतलं, उजवीकडं दिल्यासारखं केलं, उजवी मूठ मिटली. नाणं डाव्या हातात तिरकं राहिलं. मला स्वतःला कळलं की हे लहान मुलाला पण दिसेल.

"डाव्यात," पहिला म्हणाला.

"डाव्यात," दुसरा म्हणाला.

तिसरा नुसता बोट दाखवून हसला.

मी मामांकडं बघितलं. त्यांना तर पेपरातून डोळे वर न काढता दिसलं असतं. ते खुर्चीवर मागं टेकून बसले होते.

"न्हाई," मामा म्हणाले. "तिथं न्हाई."

"अरे, तिथंच हाय! कड दिसून राह्यली नाण्याची!"

"तुम्हाला तसं दिसावं म्हणूनच दाखवली तिनं. मंठ्याला बी असंच झाल्तं. सूनबाई, हात उघडू नको. यांना बसू दे इचार करत." मग त्यांनी आत बघून नवऱ्याला हाक मारली, "अरे, च्या आण जल्दी."

चहा आला. मी डावी मूठ गच्च मिटून मांडीवर ठेवली आणि उजव्या हातानं कप धरला. बिस्कीट बुडवायला हात उरला नाही, म्हणून मामांनीच माझं बिस्कीट बुडवून दिलं. तिन्ही म्हातारे चहा फुंकत माझ्या मुठीकडं बघत होते आणि आपापसात कुजबुजत होते. नवरा ट्रे घेऊन दारात उभा राहिला, त्यानं सगळीकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "माझ्या मतानं उजव्यात हाय."